सक्तीची रजा

‘स्टूल धर,’ अप्पा म्हणाले, आणि मी धरलं. हातातली पिशवी खाली ठेवली, वाकले आणि दोन्ही हातांनी स्टुलाचे पाय पकडले. या घरात अप्पा स्टुलावर चढले की कुणीतरी खाली वाकायचं, ही लहानपणापासूनची रीतच. त्यांनी वर हात करून जुना बल्ब फिरवून काढला, मागे न बघता माझ्याकडे दिला, दातांत धरलेल्या रुमालाने नव्या बल्बची काच पुसली आणि तो बसवला. ‘होल्डर सैल झालाय. कधीचा लुकलुकतोय, पण कुणाचं लक्ष असेल तर शपथ.’ मी ‘हं’ म्हटलं. बल्ब अजून कोमट होता. तो हातात घेऊन मी उभी राहिले आणि मग कुठे मला कळलं की काय चाललंय. कारण अप्पा बोलत नाहीत. अप्पा कुणाला ओळखत नाहीत. ताई त्यांना चमच्याने भरवते, हाताला धरून न्हाणीघरात नेते, त्यांच्या शर्टाची बटणं लावते, आणि हे अडीच वर्षं चाललंय. माझे अप्पा, ज्यांना समोरचा कप उचलून तोंडाला लावता येत नाही, ते स्टुलावर उभे राहून दिव्याच्या होल्डरबद्दल तक्रार करत होते आणि मी त्यांना हं म्हणत होते.

उतरताना त्यांनी खाली पाहिलं. मला पाहिलं, ओळखलं, मी या वेळी इथे नसायला हवी होते हे त्यांच्या लक्षात आलं, आणि मग त्यांनी तो चेहरा घातला. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. खालचा ओठ सैल पडला, नजर माझ्या कानाशेजारी कुठेतरी जाऊन बसली, उजवा हात थरथरू लागला. खोटं बोलणारे चेहरे बघण्यात माझी उभी नोकरी गेली. घाम फुटलेले पाहिलेत, हसणारे पाहिलेत, देवाची शपथ घेणारे तर पोत्याने. पण चेहरा घालताना कुणी सापडलं नव्हतं, आणि सापडलं ते घरात. ‘अप्पा, पुरे,’ मी म्हटलं. हात थोडा वेळ थरथरत राहिला, बहुतेक सवयीने, मग थांबला. ते एक पाय, मग दुसरा असे नीट उतरले, स्टूल उचलून कपाटामागे ठेवलं. ‘तू बेल वाजवली नाहीस,’ ते म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क तक्रार होती.

बेल वाजवायची असते. ऑपरेशनसाठी दवाखान्यात जायच्या आधी ताईने मला सगळं बजावलं होतं. बाहेरून आलीस की आधी दोनदा बेल वाजव, जरा थांब, मग किल्ली फिरव, नाहीतर अप्पा दचकतात. त्यांच्या खोलीत फार वेळ बसू नकोस, नवं माणूस दिसलं की ते बिथरतात. नवं माणूस म्हणजे मी, त्यांची धाकटी लेक. मला ते लागलं होतं, पण मानलं. आजारपणात ज्याच्या हातात चमचा त्याचा शब्द चालतो, आणि चमचा ताईच्या हातात होता. तेव्हा मी आल्यापासून शहाण्यासारखी बेल वाजवत होते, थांबत होते, आणि दार उघडून आत आले की अप्पा खिडकीपाशी खुर्चीत, नजर बाहेर, मांडीवर टॉवेल. आज ताईचे रिपोर्ट टेबलावर विसरले, बसथांब्यावरून स्वतःला शिव्या देत परत फिरले, आणि त्या तणतणीत बेल राहून गेली.

तसं बघितलं तर मी या घरात असायलाच नको होते. मी एका वित्तसंस्थेत कम्प्लायन्सचं काम बघते. नोकरी लागली तेव्हा अप्पांना समजावून सांगितलं होतं की आपली माणसं नियमाने वागतात का, ग्राहक खरा आहे का, त्याचा पैसा कुठून आला, हे सगळं बघायचं. अप्पांनी पेपरातून मान वर केली, ‘म्हणजे चहाडखोर,’ म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले. ते स्वतः टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांची बोलणी जोडून दिली, घरात मात्र बोलण्याची लाइन कधी टाकलीच नाही. आई त्यांच्याशी गरजेपुरतं बोलायची, ताई आणि मी आईमार्फत, आणि आई गेल्यावर आम्ही भिंतीमार्फत. असो. चहाडखोर तर चहाडखोर. पहिल्या दिवशी मला टेबल मिळालं ते झेरॉक्स मशीन आणि स्वच्छतागृह यांच्या मधलं. खात्यात वर एक साहेब, खाली मी, आणि मध्ये एक कपाट. ज्याचं कुठेच जमलं नाही त्याला इकडे पाठवायचे. विक्रीवाली मंडळी मला नकारघंटा म्हणायची, तोंडावर. मी घंटा वाजवत राहिले. त्यांनी आणलेली गिऱ्हाइकं परत पाठवली, त्यांच्या सह्या परत मागवल्या, त्यांच्या पार्ट्यांना कुणी बोलावलं नाही तेव्हा घरी बसून परीक्षा दिल्या. आता माझ्या हाताखाली अख्खा मजला आहे, आणि तेच विक्रीवाले लिफ्टमध्ये माझ्यासाठी बटण दाबतात.

पण माझं नाव झालं ते एका रोखपालामुळे. गोड माणूस, सगळ्यांच्या मुलांची चौकशी करणारा. वर्षानुवर्षं एक दिवस रजा नाही, ताप अंगात असला तरी हजर. कंपनीने त्याचा सत्कार केला होता, त्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याच सत्कारातलं. तो जिन्यावरून घसरला, पाय मोडला, आणि दुसरं कुणी नव्हतं म्हणून त्याच्या खुर्चीत मला बसवलं. दुसऱ्याच दिवशी मला वास लागला. लोक खिडकीशी यायचे, आत डोकवायचे आणि म्हणायचे, ‘ते नाहीत का? मग येतो आम्ही नंतर.’ आता सरळ काम एका माणसासाठी कशाला थांबेल? जे थांबतं त्यात पाणी मुरतंय. पुढे सगळं बाहेर आलं, या खिशातून काढून त्या खिशात, त्या खिशातून काढून तिसऱ्या. मी त्याच्या घरी गेले तेव्हा तो प्लॅस्टरमधला पाय उशीवर ठेवून बसला होता. म्हणाला, ‘पहिल्यांदा खरंच चुकलं होतं हो, मॅडम. म्हटलं, उद्या सांगू.’ मी तेव्हा मनात हसले होते. परत आले आणि कंपनीच्या मागे लागून नियम करून घेतला. जोखमीच्या खुर्चीतल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा सलग दोन आठवडे लांब राहायचं. कार्ड बंद, फोन बंद, खुर्चीत दुसरं माणूस. कागदावर त्याला काहीतरी भारदस्त नाव आहे, पण सगळे म्हणतात सक्तीची रजा. साधं तत्त्व आहे. जो कधीच हलत नाही, त्याच्या बुडाखाली काय आहे ते बघा. आणि रोज बघणाऱ्याला ते दिसत नाही, ते नव्या डोळ्यालाच दिसतं.

मी स्वतः मात्र ती रजा टाळत आले होते. कधी तपासणी चालू, कधी माणूस नाही. यंदा नवे साहेब आले आणि म्हणाले, ‘बाई, नियम तुमचाच ना?’ पहिल्या दिवशी सवयीने ऑफिसात पोचले, गेटला कार्ड लावलं, लाल दिवा लागला. रखवालदार खाली बघत म्हणाला, ‘मॅडम, तुम्हीच सांगून ठेवलंय, तुम्ही आलात तरी सोडायचं नाही.’ मी फुटपाथवर उभी राहिले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुठेही जायचं नव्हतं. त्याच आठवड्यात ताईला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. गर्भपिशवी काढून टाकायची होती, तीही ती वर्षभर पुढे ढकलत होती. ‘नर्स ठेवू, तू कशाला,’ ती म्हणत राहिली. मी म्हटलं, मीच येणार. ताई कधी घर सोडून गेली नव्हती, एक दिवसही नाही, आणि लोक तिचं कौतुक करून थकत नव्हते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि दिवा मीच.

अप्पांनी चहा केला. मी ओट्याला टेकून बघत राहिले. त्यांनी लायटर हुकावरून न बघता काढला, साखरेचा डबा दुसऱ्या फळीवरून न शोधता. आले तेव्हा मला स्वतःला साखर शोधायला दोन कपाटं उघडावी लागली होती. दूध वर येताना त्यांनी गॅस नेमका बारीक केला. हात अजिबात कापत नव्हता. रडावं की हसावं ते मला कळत नव्हतं. मेलेला समजलेला माणूस परत येतो अशा गोष्टी लहानपणी ऐकल्या होत्या. त्या गोष्टींत सगळे आनंदाने रडतात. मला फक्त भीती वाटत होती, आमच्या स्वयंपाकघरात, भर सकाळी, चहाच्या वासात.

‘कधीपासून?’ मी विचारलं. हा माझा ऑफिसातला आवाज. दुसरा त्या वेळी सापडला नाही.

‘पहिल्यांदा खरंच हरवलो होतो,’ अप्पा म्हणाले.

त्यांनी सांगितलं ते असं. पेन्शनच्या कामाला गेले होते, परत येताना वळण आठवेना. चपलांच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसून राहिले, घराचा पत्ता नाही, ताईचं नाव नाही, डोकं पुसल्यासारखं. संध्याकाळी ताईला सापडले. ताईचं तेव्हा लग्न ठरलं होतं. चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक, विधुर, सभ्य माणूस. घरात आम्ही त्यांना चष्मेवालेच म्हणायचो, ताईसुद्धा. नोंदणी लग्नाच्या सह्या करायची तारीख ठरली होती, शाळेच्या ग्रंथालयातली तिची नोकरी तिने बदलून घ्यायची ठरवली होती. त्या संध्याकाळी ताई अप्पांना मिठी मारून रडली. या घरात मिठी मारलेली कुणी पाहिली नव्हती. रात्री तिने त्यांच्या पायाशी अंथरूण घातलं. ‘सकाळी उठलो तर सगळं आठवत होतं,’ अप्पा म्हणाले. ‘सांगणारच होतो. तेवढ्यात तिने दुधाचा कप माझ्या तोंडाशी धरला. म्हटलं, दुपारी सांगू.’

‘मग?’

‘मग दुपार गेली.’

‘आणि डॉक्टर?’

‘डॉक्टर विचारतो, आज वार कोणता. मी नाही सांगितला. त्यात त्याला काय कळणार? वयाचं आहे म्हणाला.’ त्यांनी माझ्यापुढे कप सरकवला, कान माझ्या उजव्या हाताकडे करून. आपल्या मुलींपैकी डावखुरी कोण आणि उजवी कोण हेही त्यांना आठवत होतं.

‘तिचं लग्न मोडलं, अप्पा. नोकरी सुटली.’

‘पन्नाशीला टेकलेल्या बाईचं कसलं लग्न?’ ते फटकन म्हणाले, जुने अप्पा. मग कपात बघत बसले. ‘ती बोलते माझ्याशी. संध्याकाळी केस विंचरते आणि बोलते. तुम्ही कुणी कधी बोलला होतात माझ्याशी? तुझी आई तरी?’

‘काय बोलते?’

‘असंच. रोजचं.’ त्यांनी बशी पुसली, कोरडीच होती. ‘तिला सांगू नकोस. ती आली की मी हळूहळू सुधारतो. सुधारतात माणसं.’

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, या एका म्हणीवर मी इतकी वर्षं जेवतेय. नवीन पोरांना पहिल्या दिवशी तीच सांगते. बसमध्ये ती मला आठवली आणि मला स्वतःची लाज वाटली, कारण म्हणीचा पहिला अर्धा भाग मी कधी नीट ऐकलाच नव्हता. सगळी सोंगं आणता येतात. मला दिसायला हवं होतं. मी भेटायला यायचे तेव्हा भरवताना घास सांडायचा तो कायम टॉवेलवर, शर्टावर कधी नाही. ताईचा फोन वाजला आणि ती हसून ‘हं, बोला’ म्हणाली की अप्पांना ठसका लागायचा. ऑफिसात असं काही दिसलं असतं तर मी संध्याकाळच्या आत त्या माणसाला खुर्चीतून उठवलं असतं. इथे मी दारात उभं राहून, डोळे पुसून, फळं ठेवून निघून जायचे, आणि बसमध्ये बसल्यावर, खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटायचं. आता राग आला होता. एवढा की तिकीट मागणाऱ्यावर खेकसले. पण रागाच्या खाली आणखी काही होतं, त्याला नाव सापडत नव्हतं, आणि बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती, लोक चढत होते, उतरत होते, कुणाच्या तोंडावर काही दिसत नव्हतं.

आमच्या धंद्यात एक पक्का नियम आहे. ज्याच्यावर संशय, त्याला सुगावा लागू द्यायचा नाही, त्याला न कळवता वर कळवायचं. मी तर संशयिताबरोबर चहा पिऊन आले होते. आणि वर कोण? आमच्या घरात वर कुणी नाही, आई होती तेव्हाही नव्हतं. ज्याचं नुकसान झालं त्याला कळवावं, हा दुसरा नियम. पण त्या नियमात नुकसान भरून देण्याची सोय असते. ताईला मी काय भरून देणार होते? सांगितलं तर तिची अडीच वर्षं मातीत जातात. तिने काही मोठं केलंय असं तिला वाटत होतं, सगळ्यांनाच वाटत होतं, तेवढंच तिच्याकडे होतं. नाही सांगितलं तर अप्पा हळूहळू सुधारतात, सोयीने, आणि ताई आयुष्यभर त्या खुर्चीच्या बाजूला उभी राहते. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मी ठरवलं की नाही सांगायचं. टाके तरी सुकू देत. मोठं शहाणपण केल्यासारखं वाटलं मला, आणि मग वरच्या मजल्यावर, खोलीबाहेरच्या बाकावर, चष्मेवाले बसलेले दिसले.

ते रोज यायचे. आत जास्त वेळ थांबायचे नाहीत, बाकावर बसायचे, चष्मा काढून पुसायचे, परत घालायचे. उंच, किडकिडीत, कॉलर नेहमी नीट. मला बघून उठले. ‘झोप झाली त्यांची बरी,’ म्हणाले. मग जरा थांबून, ‘दुकान काढून टाकतोय मी. भाऊ बोलावतोय त्याच्याकडे, तिथेच काही छोटं बघीन. महिनाअखेर निघेन म्हणतो.’ मी म्हटलं, बरं. ‘काल पुन्हा विचारलं तुमच्या ताईंना. म्हणाल्या, अप्पांचं काय.’ त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे फार दमलेले दिसले. ‘बरोबरच आहे त्यांचं. माणूस आहे ना ते. टाकून कसं येणार?’ हा माणूस अप्पांची बाजू घेत होता. मी म्हटलं, ‘तुम्ही खाली जाऊन चहा घेऊन या,’ आणि आत गेले.

ताईने आधी विचारलं, ‘रिपोर्ट आणलेस?’ उशीला टेकून बसली होती, चेहरा सुकलेला, पण विंचरलेली, नीटनेटकी. मी रिपोर्ट दिले. मग सांगितलं. जसं कामात सांगते तसंच सांगितलं. आधी काय दिसलं, मग कोण काय म्हणालं, माझं मत काही नाही. ते स्टुलावर होते. बल्ब बदलत होते. माझ्याशी बोलले.

ताईचा चेहरा उजळला. ते मी कधी विसरणार नाही. ‘बोलले?’ ती म्हणाली. ‘काय सांगतेस. बरं वाटतंय त्यांना? स्टुलावर चढले? अगं, आणि पडले असते म्हणजे?’ तिचे डोळे भरले, ती हसत होती, पोटाला हात लावून हसत होती कारण टाके ओढत होते. ‘मी म्हणत होते ना तुला, कधीतरी…’ आणि मला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना मी ताईकडे बघितलं नाही, सलाइनच्या नळीकडे बघितलं. चपलांचं दुकान सांगितलं, दुधाचा कप सांगितला, दुपारी सांगू म्हटलं ते सांगितलं. नळीत एक थेंब यायचा, थांबायचा, पडायचा.

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली.

‘अंघोळ,’ ताई म्हणाली.

मी मान वर केली.

‘मी त्यांना अंघोळ घालत होते,’ ती म्हणाली. ‘पहिल्या आठवड्यात मला लाज वाटायची. मग म्हटलं, त्यांना कुठे कळतंय? लहान मूल समजायचं. तेव्हा कळत होतं का त्यांना? ते… बसून राहायचे?’

‘हो,’ मी म्हटलं.

तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मग तिचं तोंड एकदम पांढरं पडलं, मला वाटलं चक्कर येतेय, मी नर्सला हाक मारायला उठले तर तिने माझं मनगट धरलं. ‘मी बोलायचे गं,’ ती म्हणाली. ‘संध्याकाळी, केस विंचरताना.’ मी म्हटलं, माहीत आहे, अप्पा म्हणाले. ‘काय म्हणाले?’ ‘असंच. रोजचं, म्हणाले.’ ताई माझ्याकडे बघत राहिली. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. ‘मी त्यांना म्हणायचे, मरा आता अप्पा. सुटू दे मला. रागाने नाही गं. झोपा आता म्हणतो ना आपण, तसं. भांग पाडायचे आणि म्हणायचे. रोज. एक दिवस चुकला नाही.’ मग ती हळू म्हणाली, ‘ते ऐकत होते. ऐकत होते आणि उठले नाहीत.’

रोज संध्याकाळी एक माणूस आपल्या मुलीच्या तोंडून आपलं मरण ऐकतो, मान जरा पुढे करतो म्हणजे तिला कंगवा नीट फिरवता यावा, आणि दुसऱ्या दिवसाची वाट बघतो. मी आजवर माणसांनी कशाकशासाठी सोंगं घेतली ते पाहिलं होतं. घरासाठी, बाईसाठी, पोराच्या फीसाठी, नुसत्या हावेसाठी. याच्यासाठी घेतलेलं पाहिलं नव्हतं. चष्मेवाले चहा घेऊन आले आणि आम्हा दोघींकडे बघून कप खिडकीत ठेवून परत बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी ताईला सोडलं. वजन उचलायचं नाही, जिने जपून, एवढं डॉक्टरांनी सांगितलं. चष्मेवाल्यांनी गाडी आणली होती. घर आल्यावर ताई त्यांना म्हणाली, ‘गाडी सोडू नका. मी आलेच.’ का, ते त्यांनी विचारलं नाही. आम्ही प्रत्येक वळणावर थांबत जिना चढलो. आमच्या दाराशी पोचलो तर दार उघडंच होतं, बेल वाजवायची वेळ आली नाही. अप्पा दारात उभे होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. ‘आलीस?’ ते म्हणाले. स्वच्छ, भरदार आवाज. ‘दुखतंय का फार? बस आधी. पाणी देऊ?’ आपण होऊन कबूल करतोय, असं त्यांना वाटत असावं. आमच्याकडे आपण होऊन कबूल करणाऱ्याला सवलत मिळते.

ताई त्यांच्या बाजूने आत गेली. खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसली, पायाने पलंगाखालची बॅग पुढे सरकवली आणि बोट दाखवत गेली. मी कपडे भरत गेले. अप्पा चौकटीत येऊन उभे राहिले आणि बोलू लागले. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. दिवा दुरुस्त केलाय. दूध आणून ठेवलंय, खालून, स्वतः गेलो होतो. भाजी चिरता येते मला, खात्यात असताना कँपवर आम्हीच करायचो. आता तुला काही करावं लागणार नाही, तू नुसती बसून राहा, मी सगळं करीन. चष्मेवाल्यांना जेवायला बोलाव हवं तर. ताई कपाटाकडे बघत होती, वरच्या कप्प्यातल्या पुस्तकांकडे बोट करत होती. मी पुस्तकं काढली. अप्पांचं बोलणं तुटक होत गेलं, मग थांबलं. मी चेन ओढली, तिचा आवाज मोठा वाटला.

‘बोल ना काहीतरी,’ अप्पा म्हणाले.

ताई उठली. तिला उठायला वेळ लागला. त्यांनी हात पुढे केला होता, तो तिने घेतला नाही.

‘रोजचं तेच बोललीस तरी चालेल,’ अप्पा म्हणाले.

माझा हात बॅगेवरच राहिला. ताईने घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं, नीट, वेळ घेऊन. तिचे ओठ हलले. मला वाटलं ती आता म्हणेल, आणि ते तिने म्हणू नये असं मला वाटलं, आणि म्हणावं असंही वाटलं. अप्पांनी मान थोडी पुढे केली होती.

ताई माझ्याकडे वळली.

‘बॅग तू घे,’ ती म्हणाली. ‘मला वजन उचलायचं नाहीये.’